रिसीव्हरवरची रेडिओ स्टेशने : साठवा, क्रम लावा, जपा

आम्ही रिसीव्हर (टीव्ही, ब्लूटूथ आणि रेडिओचा आवाज मोठ्या स्पीकरवर देणारा डबा) बसवून देतो, पण बऱ्याच घरांत तो टीव्ही आणि ब्लूटूथपुरताच चालतो. आतला एफएम ट्यूनर, म्हणजे रेडिओ पकडणारा भाग, वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. सकाळची विविध भारती मोठ्या स्पीकरवर ऐकून बघा, मग आम्ही एवढे का सांगतो ते कळेल.

स्टेशने साठवण्याआधी अँटेनाकडे बघा. खोक्यातून आलेली पातळ वायर गुंडाळून रिसीव्हरमागे टाकू नका. ती पूर्ण मोकळी करून खिडकीजवळच्या भिंतीवर टेपने चिकटवा. वायफाय राउटर आणि एलईडी दिव्यांचे अडॅप्टर तिच्यापासून लांब ठेवा, निम्मी खरखर तिथेच थांबते.

‘ऑटो प्रीसेट’ दिल्यावर ट्यूनर 87.5 ते 108 मेगाहर्ट्‌झपर्यंत फिरतो आणि जोरकस स्टेशने चढत्या क्रमाने साठवतो. पुण्यात त्यामुळे 91.1 आणि 93.5 आधी येतात, विविध भारतीचे 101 मागे पडते. विद्यापीठाच्या विद्यावाणीसारखे (107.4) लहान केंद्र तुमच्या भागात क्षीण येत असेल, तर ते सुटूनही जाते. म्हणून ऑटो एकदाच, सुरुवातीला करा. पुन्हा केलेत तर हाताने लावलेला क्रम बहुधा पुसला जाईल.

त्यानंतरचा क्रम हातानेच लावा. स्टेशन लावा, ‘मेमरी’ दाबा, आकडा लुकलुकत असतानाच हवा तो नंबर निवडा आणि पुन्हा ‘मेमरी’ दाबा. लुकलुक थांबली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही मॉडेलमध्ये हेच काम टीव्हीवरच्या मेनूतून होते. आमचा आग्रह एकच, घरातले ज्येष्ठ जे स्टेशन ऐकतात त्याला 1 नंबर द्या. चष्मा न लावताही त्यांना ते सापडले पाहिजे. क्षीण स्टेशन साठवताना स्टीरिओऐवजी मोनो ठेवा, आवाज बराच स्वच्छ येतो.

मुलांनी अमेरिकेतून आणलेला रिसीव्हर असेल तर हे नीट वाचा. तिकडच्या कित्येक ट्यूनरची एफएमची पायरी, म्हणजे एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाण्याचे अंतर, 0.2 मेगाहर्ट्‌झची असते, म्हणजे दशांशानंतर फक्त विषम आकडे. 98.3 बरोबर लागते, पण 101 लागतच नाही; एकतर 100.9, नाहीतर 101.1. मध्यम लहरींवरही तीच गत. आपल्याकडे पायरी 9 किलोहर्ट्‌झची, तिकडे 10 ची, त्यामुळे आकाशवाणी पुणे केंद्राचे 792 नेमके सापडत नाही. काही मॉडेलमध्ये ही पायरी बदलता येते, मात्र बदलल्यावर साठवलेली स्टेशने सहसा पुसली जातात. तेव्हा पायरी आधी, स्टेशने नंतर. आणि असा रिसीव्हर फक्त 120 व्होल्टचा असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका. शंका वाटली तर मागची पट्टी वाचून आम्हाला विचारा.

गणपतीला गावी जाताना मेन स्विच बंद करता ना? जुन्या रिसीव्हरमध्ये वीज तुटल्यावर स्टेशने काही दिवसच लक्षात राहतात. नंबर आणि स्टेशनांची यादी कागदावर लिहून वॉरंटी कार्डासोबत ठेवा. यादी हाताशी असली की पुन्हा भरायला दहा मिनिटे पुरतात.

अडचण आली तर दुकानात फोन करा. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर आधी टिपून ठेवा, म्हणजे कोणते बटण दाबायचे ते फोनवरच सांगता येते.