हिंजवडीच्या आसपास जागा घेताय? झोन दाखला आणि भाग नकाशा असा काढा

माझ्या मावसभावाला मारुंजीकडच्या एका एजंटाने रंगीत प्रिंट दाखवली होती. गट नंबरवर छान पिवळा रंग, म्हणजे रहिवास झोन. विसार द्यायच्या आदल्या आठवड्यात त्याने झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या विभागात आहे हे सांगणारा सरकारी कागद काढला, तर त्यावर शब्द होता 'भागशः'. त्याच गटाचा काही भाग रहिवास विभागात, उरलेला शेती विभागात. त्याचे तीन गुंठे नेमके कुठल्या भागात पडतात, हे दाखला सांगत नव्हता. म्हणून सांगतो, एकटा दाखला कधीच काढू नका, सोबत भाग नकाशा, म्हणजे झोनच्या सरकारी नकाशातला आपल्या गटापुरता भागही मागा.

आधी अर्ज कुणाकडे करायचा ते बघा, इथेच बहुतेकांची चूक होते. हिंजवडीतल्या राजीव गांधी आयटी पार्कच्या अधिसूचित क्षेत्रातला भूखंड असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. वाकडची जागा असेल तर पिंपरी-चिंचवड महापालिका. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांतली एमआयडीसीबाहेरची जमीन असेल तर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. रस्त्याच्या अलीकडे एक कार्यालय आणि पलीकडे दुसरं, असंही होतं.

अर्जासाठी जमीन तुमच्या नावावर असायलाच हवी असं नाही, घेणाराही अर्ज करू शकतो. गाव, तालुका आणि गट नंबर अचूक लिहा. ताजा सातबारा जोडा. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. त्याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे 'क' प्रत द्या. मूळ मालकाकडे ती नसेल तर त्यालाच मोजणीचा अर्ज करायला लावा. वेळ लागतो, पण हा कागद सोडू नका. मोजणीची हद्द भाग नकाशावर ठेवली की झोनची रेषा तुमच्या तुकड्यातून जाते की बाजूने, ते डोळ्यांना दिसतं. पोच घ्या आणि तिच्यावर तारीख आहे ना ते बघा. मुदतीत उत्तर आलं नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करताना हीच पोच लागते.

हातात आलेला भाग नकाशा सावकाश वाचा. प्रस्तावित रस्ता जागेतून जातो का? डोंगरमाथा-डोंगरउतार हा बांधकामावर बंधनं असलेला विभाग लागतो का? शाळा, उद्यान यांचं आरक्षण आहे का? नकाशा मंजूर आहे की प्रारूप, हेही विचारा. प्रारूपातला पिवळा रंग अंतिम मंजुरीपर्यंत बदलू शकतो. आणि झोन रहिवासी निघाला म्हणून लगेच पाया खोदता येत नाही, बांधकाम परवानगी वेगळी काढावीच लागते.

सुविधांचं मात्र स्वतः जाऊन पाहावं लागतं. माण ते शिवाजीनगर मेट्रोमार्गावर 23 स्थानकं आहेत, पण आपल्या जागेपासून स्थानकापर्यंत पायी रस्ता आहे का ते चालून बघा. उन्हाळ्यात शेजारच्या सोसायटीत दिवसाला किती टँकर येतात ते तिथल्या वॉचमनला विचारा. सांडपाणी कुठे सोडतात, तेही. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती मंजूर नकाशात कुठे दाखवली आहे ते पाहा, आणि मग त्या कोपऱ्यावर स्वतः जाऊन उभे राहा.