मिश्र पदार्थातून वीज : सरासरीपासून जाळ्यापर्यंत

रबरात काजळी मिसळत गेले, तर बराच काळ ते रोधकच राहते. मग एका ठरावीक प्रमाणाच्या आसपास त्याची वाहकता एकदम कित्येक हजार पटींनी उसळते. ही उसळी समजायला भौतिकशास्त्राला जवळपास शंभर वर्षे लागली.

सुरुवात मॅक्सवेलने केली. १८७३ मध्ये त्याने माध्यमात विरळ विखुरलेले गोल असले तर मिश्रणाची वाहकता किती, याचा हिशेब मांडला, पण एका गोलाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असे धरून. १९०४ मध्ये मॅक्सवेल गार्नेटने (हा मॅक्सवेल वेगळा) धातुकणांमुळे काचेला येणाऱ्या रंगांसाठी याच धाटणीचे सूत्र दिले. दोन्हींत कण पाहुणे आणि माध्यम यजमान. दोन्ही घटक तोडीस तोड असले की हे चित्र कोलमडते.

१९३५ मध्ये ब्रुगमनने हा भेदच काढून टाकला. प्रत्येक कण सरासरी पदार्थाने वेढलेला आहे असे त्याने मानले. त्याच्या सूत्रातून वाहक गोल आकारमानाने एकतृतीयांश झाले की रोधक मिश्रण वाहक होते असे निघते. उंबरठा असतो हे यातून दिसले, पण तो प्रत्यक्षात बहुधा बराच खाली असतो. कोणता कण कोणाला चिकटला आहे, हे सरासरीत हरवूनच जाते.

ती उणीव भरली ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांच्या १९५७ च्या परक्युलेशन सिद्धांताने. तिथे प्रश्न जोडणीचा होता : या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट आहे का?

तरीही वाट असणे आणि वीज वाहणे एक नव्हे. १९७१ मध्ये लास्ट आणि थाउलेस यांनी ग्रॅफाइटच्या कागदाला यदृच्छेने भोके पाडत त्याची वाहकता मोजली. मला हा या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. जोडलेला भाग अजून भरपूर असतानाही वाहकता शून्याकडे झुकत होती. कारण त्या भागातल्या कितीतरी फांद्या आंधळ्या गल्ल्या असतात. त्यांतून विद्युतप्रवाह जातच नाही. दोन वर्षांनी कर्कपॅट्रिकने यदृच्छेने जोडलेल्या रोधांच्या (रेझिस्टरांच्या) जाळ्यांवर संगणकाने हेच सविस्तर तपासले.

प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी) प्रवाहाचे कोडे वेगळे होते. एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या पदार्थांतही वाहकता प्रवाहाच्या वारंवारतेच्या अपूर्णांकी घातानुसार (म्हणजे घातांक शून्य आणि एक यांच्या मधला) वाढते, याकडे जॉन्शरने १९७७ मध्ये लक्ष वेधले. पुढे रोध आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) यदृच्छेने जोडलेल्या जाळ्यांतही तेच वर्तन दिसले. मधल्या वारंवारतांच्या पट्ट्यात तो घातांक जवळपास कपॅसिटरांच्या प्रमाणाइतका येतो : शंभर घटकांत चाळीस कपॅसिटर, तर घातांक सुमारे ०.४.