ट्रकचालकाचा व्यवसाय

जड मालवाहू वाहनातून दुसऱ्याचा माल ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, न बिघडता पोहोचवण्याचे काम म्हणजे ट्रकचालकाचा व्यवसाय. गाडी हाकणे हा त्यातला दिसणारा भाग. गाडी तपासणे, माल बांधणे, वजनाचा तोल सांभाळणे, कागद जपणे आणि गोदामाच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत बसून राहणे हा न दिसणारा. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत पैसा मात्र बहुधा फिरत्या चाकालाच मिळतो. चालक आणि कंपनी यांच्यातले बहुतेक तंटे या तफावतीपाशीच येऊन पोहोचतात.

परवाना आणि शिक्षण

भारतात मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी किमान 20 वर्षे वय लागते आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन एक वर्ष झालेले असावे लागते. अमेरिकेत 'सीडीएल' हा व्यावसायिक परवाना 18व्या वर्षी मिळू शकतो, पण राज्याची हद्द ओलांडून माल न्यायचा तर 21 पूर्ण लागतात. 7 फेब्रुवारी 2022 पासून तिथे नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय चाचणी देता येत नाही. युरोपीय संघात परवान्याच्या जोडीला व्यावसायिक पात्रतेचे प्रमाणपत्र हवे, आणि ते टिकवायला दर 5 वर्षांत 35 तासांचे प्रशिक्षण.

नवा माणूस सर्वांत जास्त अडतो तो गाडी मागे घेताना. जोडगाडीत, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत, स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. ट्रेलर वाकडा जायला लागल्याचे उशिरा दिसते, मग चालक जास्त फिरवतो आणि पुढचे वाहन ट्रेलरशी काटकोनात येऊन अडकते. थोडे फिरवायचे, लवकर फिरवायचे, आणि बिघडले तर पुढे जाऊन सरळ करून पुन्हा यायचे, एवढेच त्यावर औषध आहे. शंका आली की उतरून मागे बघून यावे. जागेवरची ठोकर बहुतेक वेळा त्या उतरण्याच्या आळसातून होते.

निघण्याआधीची तपासणी

रोजच्या तपासणीला जाणत्या चालकाला अर्धा तास पुरतो. ती नेहमी एकाच क्रमाने, गाडीभोवती एक फेरी मारून करायची, म्हणजे काही सुटत नाही. चाकाच्या नटापासून निघालेला गंजाचा तांबडा ओघळ म्हणजे नट ढिला असल्याची खूण. चाकाच्या आतल्या अंगाला तेल दिसले तर हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, सील गेले आहे. ते तेल ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, पोहोचले की त्या चाकाचा ब्रेक संपला. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड वेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. जोडीतला एक टायर बसला असेल तर दुसरा त्याचा भार उचलत राहतो. बाहेरून काही कळत नाही, म्हणून ठोकून आवाज ऐकावा किंवा गेज लावावा. अमेरिकी नियमानुसार पुढच्या टायरच्या खाचा किमान 3.2 मिलिमीटर आणि बाकीच्यांच्या 1.6 मिलिमीटर खोल असाव्या लागतात.

खरा वेळ द्यावा तो एअर ब्रेकला. पार्किंग ब्रेक लावते ती स्प्रिंग, आणि हवा ती स्प्रिंग दाबून धरते. म्हणून हवा गेली की गाडी जखडते. दाब साधारण 8 बारपर्यंत, म्हणजे 120 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास चढू द्यावा. मग सपाट जागी चाकांना अडण लावून पार्किंग ब्रेक सोडावा, इंजिन बंद करून पायातला ब्रेक एक मिनिट दाबून धरावा. एकट्या गाडीत 3 पीएसआयपेक्षा आणि जोडगाडीत 4 पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला तर कुठेतरी गळती आहे. पुढे ब्रेक दाबून दाबून हवा उतरवत न्यावी. 55 ते 60 पीएसआयच्या सुमारास इशारा वाजला पाहिजे आणि 20 ते 45च्या दरम्यान पार्किंग ब्रेकची कळ आपोआप बाहेर यायला हवी. टाकीतले पाणी रोज काढावे. पाण्याबरोबर तेल येऊ लागले तर कॉम्प्रेसर झिजला आहे. स्लॅक अ‍ॅडजस्टर (हवेच्या दाबाने सरकणाऱ्या पुशरॉड या सळईचा जोर ब्रेकपर्यंत नेणारा दांडा) हाताने जोरात ओढून पाहावा. पुशरॉड जोडलेल्या जागी तो 25 मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर ब्रेक जुळवून घ्यावे लागतात.

ट्रेलर जोडणे

पुढच्या इंजिनाच्या वाहनाला चालक 'घोडा' म्हणतात. त्याच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हील या जोडणीच्या प्लेटच्या जबड्यात ट्रेलरची किंगपिन, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाखालची जाड पिन, अडकते. ती बहुतेक गाड्यांत 50 मिलिमीटर, म्हणजे 2 इंच जाडीची असते. घोडा आत शिरताना ट्रेलर किंचित उचलला जाईल इतपतच त्याची उंची ठेवावी. ट्रेलर फार उंच राहिला तर पिन जबड्यावरून सरकून वर बसते. चालकाला जोडल्याचा आवाज येतो, प्रत्यक्षात जबडा रिकामाच असतो. त्यामुळे आवाजावर विसंबू नये. ट्रेलरचे ब्रेक लावून पुढे हलका हिसका द्यावा, मग खाली वाकून बॅटरीच्या उजेडात तीन गोष्टी बघाव्यात: प्लेट आणि ट्रेलर यांत फट नाही, जबडा पिनेच्या मानेभोवती मिटला आहे, आणि खटक्याचा दांडा जागेवर बसला आहे. त्यानंतर हवेच्या नळ्या आणि विजेची वायर. ट्रेलरचे पाय पूर्ण वर घ्यावेत. अर्धवट सोडलेला पाय रेल्वे फाटकावर अडकतो.

उतार

घाटात ब्रेक 'निकामी झाले' अशी बातमी येते तेव्हा ब्रेक बऱ्याचदा तुटलेले नसतात, तापलेले असतात. सतत दाबून धरल्याने ड्रम तापून बाहेरच्या बाजूला फुगतो, लायनरला त्याच्यापर्यंत पोहोचायला जास्त अंतर पडते, आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. उपाय उतार लागण्याआधीचा आहे: घाटमाथ्यावरच खालचा गिअर घ्यायचा. उतारावर वेग आल्यावर गिअर काढला तर तो पुन्हा पडेलच असे नाही, आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर शून्य होतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच उतरावे हा जुना नियम नव्या गाड्यांना अपुरा पडतो. त्यांची इंजिने ताकदवान असतात आणि बांधणी वाऱ्याला कमी अडवते, त्यामुळे त्या वरच्या गिअरमध्येही सहज चढतात. उतरताना त्याहून खालचा गिअर लागतो. त्यावर ब्रेक असा: ठरवलेल्या वेगाला पोहोचलो की ठामपणे दाबून ताशी 8 किलोमीटरने वेग उतरवायचा, सुमारे तीन सेकंदांत, आणि पाय पूर्ण उचलायचा. वेग पुन्हा चढला की पुन्हा तेच.

रिकाम्या ट्रकला कमी ब्रेक पुरतो हा समज चुकीचा आहे. ब्रेक आणि स्प्रिंगा भरल्या वजनासाठी बनवलेल्या असतात. रिकामी चाके लवकर घसरतात आणि ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी थांबायला भरलेल्या गाडीहून जास्त अंतर घेऊ शकते.

माल

माल कोणीही भरो, रस्त्यावर जबाबदार चालकच धरला जातो. बांधणीचे गणित साधे आहे: पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना 0.5 पट जोर पेलला गेला पाहिजे. अमेरिकेत सर्व पट्ट्या-साखळ्यांची मिळून भारक्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी लागते. पहिल्या 80 किलोमीटरच्या आत थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि कसून ओढलेला पट्टाही सैल पडतो.

टँकरमध्ये अर्धवट भरलेला द्रव सर्वांत त्रासदायक. थांबल्यानंतरही लाट पुढे येते आणि निसरड्या रस्त्यावर उभ्या गाडीला चौकात ढकलते. दुधाच्या टाकीत स्वच्छतेसाठी लाट अडवणारे आडवे पडदे नसतात, म्हणून तिथे हा धक्का अधिक. शीतवाहनाचे यंत्र माल थंड करण्यासाठी नसते, थंड माल थंड ठेवण्यासाठी असते. कोमट माल चढला तर तो कोमटच पोहोचतो आणि दोष चालकावर येतो. भरतानाच थर्मामीटर मालात खुपसून तापमान पाहावे आणि ते पावतीवर लिहून घ्यावे. दारावरच्या सीलचा क्रमांक, नगांची संख्या, फुटकी खोकी यांचेही तसेच. नग मोजू दिले नसतील तर 'मोजणी पाठवणाऱ्याची' असे लिहूनच सही करावी.

कामाचे तास

भारतात 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती आणि 5 तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. युरोपीय संघात दिवसाला 9 तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा 10, आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटे थांबावे लागते. टॅकोग्राफ हे सगळे नोंदवतो. अमेरिकेत सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर 14 तासांची खिडकी उघडते आणि तिच्या आत 11 तास गाडी चालवता येते. डिसेंबर 2017 पासून तिथे बहुतेक ट्रकांत ही नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते.

या 14 तासांत गोम आहे. स्लीपरमधल्या, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेतल्या, विश्रांतीची ठरावीक विभागणी सोडली, तर हे घड्याळ कशासाठीही थांबत नाही. तपासणी, डिझेल आणि कागद यांना एक तास, जेवणाचा अर्धा तास. तरी 11 तास चालवायला वेळ उरतो. सरासरी ताशी 80 धरली तर 880 किलोमीटर. त्यात गोदामाने चार तास ताटकळत ठेवले की हातात साडेआठ तास राहतात, म्हणजे 680. दोनशे किलोमीटर चालकाच्या खिशातून गेले, आणि उद्याच्या गोदामाची वेळही हुकली. पहाटे 2 ते 6 या डुलकीच्या वेळेत गाडी रेटण्याचा मोह होतो तो अशा दिवसानंतर.

मोबदला आणि कंपनी

पगार चार प्रकारांनी ठरतो: किलोमीटरवर, खेपेवर, भाड्याच्या टक्केवारीवर किंवा तासावर. शेवटचा प्रकार शहरातल्या आणि ठरावीक फेऱ्यांच्या कामात जास्त दिसतो. किलोमीटरचा दर ऐकून भुलू नये. कंपनी मोजते ते सॉफ्टवेअरमधले अंतर, गाडीच्या मीटरवरचे नव्हे, आणि वळसे, चुकलेले फाटक, बंद रस्ता यांचे किलोमीटर त्यात नसतात. रिकाम्या धावेचा दर वेगळा आहे का, हेही विचारावे. अमेरिकेतल्या 1938च्या कामगार कायद्याने आंतरराज्य ट्रकचालकांना जादा तासांच्या दीडपट मोबदल्यातून वगळले, त्यामुळे तिथे थांबण्याचा वेळ मालकाला स्वस्त पडतो. युरोपीय संघाचा 2006चा नियम उलट बाजूने येतो: रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येईल अशा प्रकारे अंतरावर किंवा वेगावर पैसे देण्यास त्यात मनाई आहे.

थांबण्याच्या भरपाईला हॉल्टिंग किंवा डिटेन्शन म्हणतात. प्रचलित पद्धतीत पहिले दोन तास फुकट जातात. भरपाई हवी असेल तर पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ पावतीवर शिक्क्यासह घ्यावी आणि दोन तास संपण्याआधीच कंपनीला कळवावे. नंतर सांगितलेले कोणी मानत नाही. हे पैसे आधी कंपनीकडे येतात. त्यातले चालकापर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न नोकरी धरण्याआधीचा आहे.

समुद्री कंटेनरचा धंदा उभा करणारे माल्कम मॅक्लीन हे मुळात ट्रकमालक. 26 एप्रिल 1956 रोजी त्यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने 58 कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे नेले, आणि बंदरात दिवसच्या दिवस खोळंबणारी जहाजे पुढे तासांत सुटू लागली. खोळंबा मात्र नाहीसा झाला नाही, तो बंदराच्या फाटकाबाहेर ट्रकांच्या रांगेत आला. कंटेनर ओढणाऱ्या चालकाला बहुधा खेपेवर पैसे मिळतात, म्हणून ती रांग त्याच्याच खर्चाने उभी असते.

अमेरिकेतल्या मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांत वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षी 90 टक्क्यांवर गेले आहे. किरकोळ नगांची वाहतूक करणाऱ्या, रात्री टर्मिनल ते टर्मिनल जाऊन सकाळी घरी येणाऱ्या चालकांत ते याच्या लहानशा अंशाइतकेच असते. परवाना तोच, ट्रकही साधारण तसाच. चालकांच्या टंचाईच्या चर्चेत हा फरक लक्षात घ्यावा.

नवख्याला कंपनी पुष्कळदा प्रशिक्षणाचा खर्च देते आणि वर्षभर बांधून घेते. आधी सोडल्यास रक्कम वसूल होते. यात वावगे काही नाही, पण रक्कम दर महिन्याला घटत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, हे करारात पाहावे. डिस्पॅचरने, म्हणजे खेपा वाटणाऱ्या माणसाने, दिलेली खेप नाकारता येते का, बिघाडात उभ्या दिवसांचे काय, आणि 'घरी नेऊ' म्हणजे किती दिवसांनी, हेही लेखी घ्यावे. ही माहिती भरती करणाऱ्याकडून मिळण्यापेक्षा तिथे सहा महिने काढलेल्या चालकाकडून नीट मिळते.

शरीर

पाठ, वजन, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकणे ही या कामाची नेहमीची दुखणी. दुखापती मात्र बऱ्याचदा उभ्या गाडीजवळ होतात: केबिनमधून उडी मारताना मुरगळलेला पाय, ताडपत्री ओढताना गेलेला तोल. उतरताना तोंड गाडीकडे ठेवावे आणि दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम टेकलेले असावेत.

स्वतःची गाडी

काही वर्षांनी बरेच चालक स्वतःचा ट्रक घेतात. भाडे मोठे दिसते, पण त्यातून डिझेल, टायर, विमा, हप्ता, परतीची रिकामी धाव आणि बंद पडलेले दिवस वजा व्हायचे असतात. गाडी नुसती उभी ठेवून इंजिन चालू राहिले तरी तासाला सुमारे 3 लिटर डिझेल जाते.

कंपनीकडूनच हप्त्याने ट्रक घेण्याच्या करारात जास्त सावध राहावे लागते. ट्रक तिच्या नावावर, खेपा तिच्याकडून आणि हप्ताही तिलाच. खेपा कमी झाल्या तरी हप्ता कमी होत नाही. दर किलोमीटरमागे देखभाल निधी म्हणून जी रक्कम कापली जाते, ती मध्येच करार सोडल्यास परत मिळते की कंपनीकडे राहते, हे त्यातले कलम सहीआधी शोधून वाचावे.