सळ्या, ब्रेक आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची भिंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वजनकाट्यावर सळ्यांचा ट्रेलर उभा होता. केबिनच्या मागे, ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीला, लोखंडी पत्र्यात पोक आला होता आणि त्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. मी बोट लावून पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, “जालन्याहून येताना येवल्याच्या पुढं कुत्रं आडवं आलं. ब्रेक मारला, बस.” टक्कर नाही, वेग 50 च्या आसपास. तरीही एक सळी पत्रा फोडून निघाली होती.

‘माल पुढे सरकला’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात माल आधीच्याच वेगाने चालत राहतो आणि त्याच्याखालची गाडी हळू होते. न्यूटनचा पहिला नियम तो हाच. मालाला थांबवायला कुणीतरी त्याला मागे ओढावं लागतं: हौद्याच्या फळीशी होणारं घर्षण, बेल्ट किंवा साखळ्या, नाहीतर पुढची भिंत. अमेरिका आणि युरोपात मालाच्या बांधणीचा हिशेब करताना पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट धक्का धरतात. म्हणजे 10 टन लोखंड असेल तर पुढे 8 टनांचा जोर. लाकडी फळीवर लोखंडाचं घर्षण 0.3 धरलं, तर त्यातले 3 टन घर्षण सांभाळतं. उरले 5 टन.

ते बेल्टवर सोपवता येतील असं वाटतं, कारण बेल्टच्या पट्टीवर 5 टन छापलेलं असतं. पण तो आकडा बेल्ट सरळ ओढला तर किती ताण सोसेल याचा. मालावरून आडवा टाकलेला बेल्ट माल फक्त खाली दाबतो, आणि हाताने रॅचेट (बेल्ट ताणायचा दातेरी खटका) आवळून साधारण 300 ते 500 किलोचाच ताण येतो. 400 धरा. दोन्ही बाजू मिळून 800 किलोचा दाब, त्याच्या 0.3 पट म्हणजे 240 किलो. या हिशेबाने 5 टनांसाठी 20 हून जास्त बेल्ट लागतील! एवढे बेल्ट मी अजून एकाही गाडीवर पाहिलेले नाहीत.

म्हणून पुढची भिंत. अमेरिकेतले ड्रायव्हर केबिनमागच्या अशा चौकटीला ‘हेडेक रॅक’ म्हणतात. तिथल्या नियमानुसार माल अडवण्यासाठी लावलेली, 6 फुटांपेक्षा कमी उंचीची भिंत मालाच्या निम्म्या वजनाइतका जोर सोसू शकली पाहिजे. तिच्यात मालातली वस्तू आरपार जाईल एवढं भोक नसावं. गाडीचा वेग दर सेकंदाला 20 फूट प्रतिसेकंद इतका कमी होत असतानाही मालाने ती फुटू नये. आपल्या उदाहरणात निम्मं वजन म्हणजे 5 टन: घर्षणाचे 3 आणि भिंतीचे 5, हिशेब जेमतेम जुळला. पण फळी पावसाने ओली असेल, सळ्यांना तेल असेल, तर घर्षण उतरतं आणि ती तूट बेल्टनेच भरायची असते.

केबिनची स्वतःची मागची भिंत यात कुठे बसते? ट्रकच्या केबिनसाठीच्या आर-29 या आंतरराष्ट्रीय नियमाच्या जुन्या आवृत्तीत तिची चाचणी होती: दर टन मालामागे 200 किलोचा जोर. 10 टनांना 2 टन.

मला सर्वात धोक्याची वाटते ती माल आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा. वजन चाकांवर नीट बसावं म्हणून माल बऱ्याचदा मागे ठेवतात, आणि ते बरोबरही आहे. पण समजा मीटरभर जागा सुटली आणि माल बांधलेला नाही. तो उरलेला 5 टनांचा जोर मालाला मीटरभर ढकलत नेतो. आता भिंतीने 5 सेंटिमीटर वाकून त्याला थांबवायचं तर तिच्यावर 100 टनांच्या घरात जोर येतो, म्हणजे वीसपट. तोच माल भिंतीला टेकलेला असता तर 5 टनांवर भागलं असतं. जागा सोडणं भाग असेल तर लाकडी ठोकळ्यांनी ती भरावी, नाहीतर साखळ्या मालाच्या पुढच्या टोकापासून तिरक्या मागे ओढून बांधाव्यात.

सळ्यांचं आणखी एक दुखणं आहे. पुडक्यात मधल्या सळ्या फक्त शेजारच्या सळ्यांना टेकलेल्या असतात, म्हणून बाहेरचा बेल्ट घट्ट असला तरी मधली एखादी सटकते. 16 मिलिमीटरची 12 मीटर सळी साधारण 19 किलोची, आणि तो सगळा जोर 2 चौरस सेंटिमीटरच्या टोकावर येतो. नुसत्या जाळीतून ती सरळ निघून जाते. सळ्यांच्या गाडीला पुढे सलग जाड पत्राच हवा.

आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीपासून, हौद्याबाहेर माल काढला तर 20,000 रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्च वेगळा. बाहेर आलेल्या सळ्या काय करतात ते 2025 च्या जानेवारीत द्वारका पुलावरच्या अपघाताने नाशिककरांना दाखवलं. तिथे मागून येणाऱ्यांचा बळी गेला. पुढे बसलेल्या माणसाबद्दल आपण त्या मानाने कमी बोलतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. तेवढीच काळजी त्या केबिनच्या पाठीमागच्या पत्र्याचीही घेतली जावी. आणि दंडाची पावती एकट्या ड्रायव्हरच्या हातात का पडावी? माल भरणारे हमाल कारखान्याचे, घाई कारखान्याची.

खड्ड्यातून जाताना माल क्षणभर हलका होतो, घर्षण घटतं आणि पुडकी बसत जाऊन बेल्ट सैल पडतात. अमेरिकेच्या नियमात पहिल्या 50 मैलांच्या आत, म्हणजे 80 किलोमीटरमध्ये, गाडी थांबवून बांधणी तपासावी लागते. जालन्याहून निघालेल्या गाडीला छत्रपती संभाजीनगर ओलांडताच हे करता येईल. त्या ड्रायव्हरला मी विचारलं, तो कुठे थांबतो. “वैजापूरला, चहाला,” तो म्हणाला, “आता तिथंच बेल्टही आवळतो.”