शुगर नॉर्मल आहे, तरी तहान भागत नाही? गरोदर ताईंसाठी आमच्या लॅबकडून माहिती

ताई, गरोदरपणात लघवीला सारखं जावं लागतंच, पण थोडी थोडी होणं वेगळं आणि दर वेळी भरपूर, बिनरंगाची पाण्यासारखी होऊन दिवसाला 3 लिटरच्या वर जाणं वेगळं. सोबत घसा कोरडा पडतोय, रात्री उशाशी तांब्या नाही बाटल्याच लागतायत, आणि शुगर मात्र नॉर्मल, असं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, हा डायबेटिस इन्सिपिडस असू शकतो. नावात डायबेटिस असला तरी साखरेशी याचा संबंध नाही, त्यामुळे गोड बंद करून काही फरक पडणार नाही.

व्हॅसोप्रेसिन हार्मोन किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. वारेतून येणारं एक एन्झाइम ते तोडतं, सगळ्याच गरोदर बायकांमध्ये थोडंफार तोडतंच, पण काहींचं इतकं तुटतं की पाणी थांबतच नाही. बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत होतं, जुळं असेल तर वार मोठी म्हणून शक्यता जास्त. हे एन्झाइम साफ करायचं काम लिव्हरचं, म्हणून डॉक्टर लिव्हरच्या टेस्ट आणि बीपी पण बघतात, त्या टाळू नका. आजार दुर्मिळ आहे, लाखात 2 ते 4 जणींना होतो, म्हणूनच पटकन लक्षात येत नाही.

24 तासांची लघवी सांगितली असेल तर सकाळची पहिली टाकून द्या आणि टाइम लिहा, मग पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच टाइमची पण. संडासला जाताना आधी लघवी मगमध्ये घ्या, नाहीतर तेवढी वाया जाते आणि माप चुकतं. एक कॅन भरला तर थांबू नका, दुसरा आमच्याकडून घेऊन जा. रक्तात सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी (म्हणजे रक्तात विरघळलेले क्षार वगैरे पाण्याच्या मानाने किती आहेत ते) बघतात.

घरचे म्हणतील पाणी कमी पी म्हणजे लघवी कमी होईल, कृपा करून असं करू नका, लघवी तशीच होत राहते आणि अंगातलं पाणी संपून सोडियम वाढतं, ते आईला आणि बाळाला दोघांना धोक्याचं. औषध आहे, डेस्मोप्रेसिन, ते या एन्झाइमने तुटत नाही, डोस डॉक्टर ठरवतील आणि सोडियम परत तपासायला सांगतील तेव्हा नक्की या. डिलिव्हरीनंतर साधारण 4 ते 6 आठवड्यांत हा त्रास बहुतेक जातो.

उलट्या, जोरात डोकं दुखणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं किंवा गुंगी, यातलं काहीही असेल तर कॅन भरायची वाट बघू नका, लॅबला नाही, सरळ हॉस्पिटलला जा.