नोंद जुनी, ओळख नवी

एखाद्या संस्थेवर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली की तिच्यात ‘लॉग तपासले जात आहेत’ हे वाक्य हमखास असते. लॉग म्हणजे संगणकावरचे प्रोग्राम आपल्या कामाच्या ज्या ओळी लिहून ठेवतात ती नोंदवही. ते वाचून अनेकांचा असा समज होतो, की संगणकाने हल्ल्याच्या नोंदी आधीच तांबड्या शाईने वेगळ्या काढून ठेवल्या असतील आणि तज्ज्ञांना त्या फक्त वाचायच्या असतील. प्रत्यक्षात लॉगमध्ये ‘हल्ला’ हा शब्द सहसा कुठेच नसतो.

एक ओळ जवळून पाहू. सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम पासवर्ड चुकला की ‘फेल्ड पासवर्ड फॉर इन्व्हॅलिड यूजर ॲडमिन’ अशी ओळ लिहितो आणि पुढे आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक देतो. लॉग लिहिण्याच्या सिसलॉग या प्रचलित पद्धतीत प्रत्येक नोंदीला जन्मतःच एक क्रमांक मिळतो: नोंद ज्या विभागातून आली त्याचा अंक गुणिले आठ, अधिक तीव्रतेचा अंक. तीव्रता ० ते ७ अशी मोजतात. ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे किरकोळ तांत्रिक तपशील. वरील ओळीचा विभाग सहसा ४ आणि तीव्रता ६, म्हणजे क्रमांक ३८. यातल्या ६ चा अर्थ ‘केवळ माहिती’ असा आहे. प्रोग्रामच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे घडलेले नसते, कारण पासवर्ड तपासून नाकारणे हे त्याचे रोजचेच काम आहे. संशय घेणे हे वाचणाऱ्याचे काम.

हा संशय सॉफ्टवेअरला कळेल अशा भाषेत लिहून, नाव देऊन जतन केला, की त्याला स्प्लंक या लॉग साठवून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इव्हेंट टाइप’ म्हणतात. तो म्हणजे जपून ठेवलेला एक सर्च फिल्टर: ‘फेल्ड’ आणि ‘पासवर्ड’ हे दोन्ही शब्द असलेली, पण आपल्याच चाचणी यंत्रावरून न आलेली नोंद म्हणजे ‘फसलेले लॉगिन’. शाळेत शिकलेले संचांचे छेद, संयोग आणि पूरक संच येथे जसेच्या तसे कामाला येतात. एकच नोंद अनेक फिल्टरमध्ये बसू शकते. मग तिला तितकी नावे मिळतात.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती ही, की हे नाव नोंदीवर कधीच लिहिले जात नाही. साठवलेली मूळ ओळ तशीच राहते आणि नाव वाचताना लागते, तेही दोन दिशांनी. आपण ‘फसलेले लॉगिन’ शोधा असे म्हटले, की सॉफ्टवेअर त्या नावाच्या जागी जतन केलेला सर्च घालते. मग ते पुस्तकाच्या शेवटी असते तशा शब्दसूचीतून दोन्ही शब्दांचे नोंद-क्रमांक काढते आणि दोन्हीकडे असलेले तेवढे ठेवते. साठ्याच्या ज्या कप्प्यात हा शब्दच नाही तो न उघडता वगळण्यासाठी बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली बिट-चाळणी वापरतात. तिचे ‘नाही’ हे उत्तर नेहमी खरे असते, ‘आहे’ हे मात्र कधीकधी खोटे निघते, पण त्याची किंमत एक कप्पा विनाकारण उघडण्याइतकीच असते. उलट दिशेने, दुसऱ्याच कशाच्या तरी शोधात एखादी ओळ सापडली, तर ती सर्व इव्हेंट टाइपांशी ताडून पाहिली जाते आणि जुळणारी नावे तिच्याशेजारी दिसतात. फिल्टर शेकड्यांनी वाढले की सर्च मंदावतो तो यामुळेच.

या उशिरा नाव देण्याचे मोल डिसेंबर २०२१ मध्ये कळले. लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतील त्रुटी जाहीर झाली तेव्हा तिचा गैरफायदा घेण्याचे प्रयत्न काही दिवस आधीच सुरू झाले होते. ‘जेएनडीआय’ ही अक्षरे आणि पुढे कोलन (:) असलेली नोंद संशयास्पद आहे, हे ती नोंद लिहिली गेली तेव्हा जगात फारच थोड्यांना ठाऊक होते. ग्रेलॉग या दुसऱ्या लॉग-सॉफ्टवेअरमधील ‘स्ट्रीम’प्रमाणे नोंद आत येतानाच वर्गवारी केली, तर तिच्यावर ताबडतोब कारवाई करता येते, पण आज लिहिलेला नियम कालच्या नोंदींना आपोआप लागत नाही. वाचताना लावलेला फिल्टर मात्र जपलेल्या सर्व जुन्या नोंदींना त्याच क्षणी लागू होतो. तरीही हल्लेखोरांनी तीच अक्षरे तुकडे करून लिहायला सुरुवात केली आणि साधे फिल्टर फसले. ‘आमची यंत्रणा सगळे आपोआप ओळखते’ अशा जाहिराती वाचताना हे आठवावे.

फिल्टर भाबडाही असतो. ‘४०४’ एवढाच शब्द शोधला, तर न सापडलेल्या पानांबरोबर नेमकी ४०४ बाइटची उत्तरेही हाती येतात. म्हणून ‘स्टेटस’ या रकान्यातच ४०४ असावे, असे बजावावे लागते. शिवाय नाव ठरते ते एकेका नोंदीकडे पाहून, त्यामुळे ‘एका मिनिटात पाच वेळा चुकलेला पासवर्ड’ हा इव्हेंट टाइप होऊ शकत नाही. तेथे मोजणी आली आणि स्प्लंकच्या सर्चमध्ये मोजणी पाइपच्या चिन्हानंतर (|) होते, जे इव्हेंट टाइपच्या व्याख्येत चालत नाही. त्यासाठी वेगळा अलर्ट, म्हणजे इशारा देणारा नियम, लिहावा लागतो.

सर्वांत फसवे उत्तर म्हणजे शून्य. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत संदेशाचा एखादा शब्द बदलला, तर फिल्टर कोणतीही तक्रार न करता रिकामा होतो आणि पडद्यावरचे शून्य शांततेसारखे दिसते. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर स्वतःच एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकावा आणि ती ओळ ‘फसलेले लॉगिन’ या नावाखाली दिसते का, ते पाहावे.