रद्दीतला कागद किती वेळा नवा होतो?

विद्यापीठाच्या कॅन्टीनच्या कचरापेटीजवळ थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कागदाचाच कप आहे, जिरून जाईल." महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून चहाच्या टपरीपासून विभागातल्या चर्चासत्रापर्यंत सगळीकडे कागदी कप आणि डिश दिसू लागल्या, आणि कागद म्हटलं की आपण निर्धास्त झालो. कागद कुजतो, नाहीतर रद्दीत जाऊन पुन्हा नवा होतो, असा आपला समज आहे. यातला पहिला भाग त्या कपाला लागू पडत नाही आणि दुसरा भाग कुठल्याच कागदाला पुरता लागू पडत नाही.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या परीक्षा ते घेतं. उत्तरपत्रिका, पुरवण्या, प्रबंधांच्या प्रती, झेरॉक्स, ग्रंथालयातली वर्तमानपत्रं, पुस्तकांच्या पार्सलचे पुठ्ठे असा कितीतरी कागद विद्यापीठात फिरत असतो. रद्दीवाला या सगळ्याला एकच भाव देत नाही. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. त्याच्या या वर्गवारीमागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी असते आणि तिच्यावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. दोन तंतू अगदी जवळ आले की या जोड्यांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. साध्या कागदात तंतूंना धरून ठेवायचं मुख्य काम हेच बंध करतात. एकेक बंध दुबळा असतो, पण असंख्य बंध मिळून कागद घट्ट होतो. पाणी लागलं की पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये घुसतात आणि तंतू सुटतात. म्हणून ओला कागद हातात घेताच फाटतो, आणि म्हणूनच रद्दी पाण्यात घुसळून पुन्हा लगदा करता येतो. शाई काढण्यासाठी लगद्यात साबणासारखं रसायन घालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण पाण्यापेक्षा बुडबुड्याला जास्त पसंत करतात, त्याला चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. छापील कागदाची शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याची पद्धत १७७४ साली युस्टुस क्लाप्रोट यांनी प्रसिद्ध केली. तेही विद्यापीठातलेच, जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे कायद्याचे प्राध्यापक.

इथपर्यंत सगळं चक्रासारखं वाटतं. पण हे चक्र जिथे अडतं, तोच कागदाच्या विज्ञानातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे.

तंतू एकसंध नसतो. त्याची भिंत अतिसूक्ष्म धाग्यांच्या थरांची असते आणि त्या थरांमध्ये पाण्याने भरलेली छिद्रं असतात. लाकडातून नुकताच काढलेला, कधीच न वाळलेला तंतू या छिद्रांमुळे फुगलेला आणि लवचीक असतो. कागद वाळताना छिद्रांतलं पाणी निघून जातं आणि जाता जाता पृष्ठताणामुळे भिंतीचे थर एकमेकांवर ओढून आणतं. थर जवळ आले की त्यांच्यातही हायड्रोजन बंध होतात. म्हणजे बंध दोन तंतूंमध्ये होतात तसे एकाच तंतूच्या पोटातही होतात. मधली पोकळी चपटी होते. हा कागद पुन्हा पाण्यात घातला की तंतू एकमेकांपासून सुटतात, पण पोटातले सगळे बंध सुटत नाहीत. काही छिद्रं कायमची मिटतात. आपली चामड्याची कोल्हापुरी चप्पल पावसात भिजून वाळली की कडक होते आणि पहिल्यासारखी नरम होत नाही, तसंच काहीसं.

ताठ झालेला तंतू शेजारच्या तंतूभोवती नीट लपेटत नाही. दोघांचा स्पर्श होणारा भाग कमी होतो, म्हणून नवे बंध कमी होतात आणि कागद कमकुवत होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग यायमे यांनी १९४४ साली या बदलाला नाव दिलं: हॉर्निफिकेशन. लगदा अपकेंद्री यंत्रात गरगर फिरवून तंतूंनी किती पाणी धरून ठेवलं हे मोजलं की हा बदल आकड्यांत दिसतो. सर्वांत मोठी घट पहिल्याच वाळण्यात होते आणि पुढच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी. लगदा यंत्रात रगडून तंतू पुन्हा थोडे फुगवता येतात, पण त्यात ते तुटतात आणि त्यांचा चुरा कागद बनवायच्या यंत्राच्या जाळीतून पाणी निथळू देत नाही. तंतू पाच ते सात फेऱ्या टिकतो असं साधारणपणे सांगितलं जातं. मजबुती टिकवायला अधूनमधून नवा लगदा मिसळावाच लागतो.

लिग्निन म्हणजे लाकडात तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ. लिग्निन असलेल्या तंतूत हा बदल कमी होतो, कारण लिग्निन थरांच्या मध्ये राहून त्यांना सहजासहजी चिकटू देत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यानेच तो उन्हात पिवळा पडतो. उत्तरपत्रिकेच्या पांढऱ्या कागदातून ते रसायनांनी काढून टाकलेलं असतं. म्हणून त्याचे तंतू वाळताना जास्त ताठ होतात, पण मुळात ते इतके स्वच्छ आणि मजबूत असतात की रद्दीत त्यांचीच किंमत जास्त. वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्यात मिसळून ते घालवणं हे मोठं नुकसान आहे.

आता कॅन्टीनकडे वळू. मिसळीचा कट सांडलेली कागदी डिश रद्दीच्या कामाची नाही. तेल तंतूंवर पसरतं, पाण्याला आत येऊ देत नाही आणि बंध जुळू देत नाही. अशी एक डिश चांगल्या कागदाच्या पोत्यात गेली की शेजारचे कागदही तेलकट होतात. चहाच्या कपाला आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा टिकलाच नसता. कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी आतली बाजू नखाने खरवडा; पापुद्रा हातात येतो. तो जिरत नाही. "इको-फ्रेंडली" असं हिरव्या अक्षरांत छापल्यानेही जिरत नाही. मक्यापासून बनवलेल्या पीएलए प्लास्टिकचा थर असेल तर त्यालाही ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान सतत लागतं, आणि ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळतं, परसातल्या खड्ड्यात सहसा नाही. स्टीलचा पेला विसळून पुन्हा वापरणं यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

आणखी एक कागद रद्दीपर्यंत पोहोचतच नाही. गणपतीचं चित्र असलेली लग्नपत्रिका, देवाचं कॅलेंडर, फाटलेली पोथी रद्दीत दिली तर पाप लागेल या भीतीने लोक ती पंचगंगेत सोडतात. आर्ट पेपरवर खडूसारख्या खनिजाचा लेप असतो, पत्रिकेवर चकचकीत प्लास्टिकचा थर असतो, आणि हे सगळं नदीत जातं. ज्या कोल्हापुरात मूर्तिदान आणि निर्माल्यदान लोकांनी आपलंसं केलं, तिथे पोथीचा कागदही सन्मानाने लगद्याकडे जाऊ शकतो. नदी घाण करून कुठलंही पुण्य मिळत नाही.

रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. पण सुका आणि ओला एवढ्या दोनच पेट्यांनी कागद वाचत नाही, कारण सुक्या पेटीतही तेलकट डिश येतेच. झेरॉक्सच्या दुकानात, कार्यालयात आणि परीक्षा विभागात फक्त पांढऱ्या कागदाची वेगळी पेटी हवी. त्याहून आधी कागद कमी लागायला हवा: प्रबंध पाठपोट छापावेत आणि झेरॉक्सही दोन्ही बाजूंनी काढावी.

जुन्या उत्तरपत्रिका मुदत संपल्यावर नष्ट करतानाही तंतूंचा विचार व्हायला हवा. गोपनीयतेसाठी त्यांचा बारीक चुरा करतात, पण लाकडाचा तंतू जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांब असतो. तुकडे जितके बारीक, तितके जास्त तंतू पात्याखाली येतात आणि त्यांच्या उरलेल्या फेऱ्या कापल्या जातात. त्याऐवजी रुंद पट्ट्या कराव्यात, किंवा अख्खे गठ्ठे विद्यापीठाच्या माणसासमोर थेट लगद्याच्या टाकीत घालावेत. लगदा झाल्यावर कुणाचे गुण कुणाला वाचता येत नाहीत, आणि तंतूही अख्खे राहतात.